सांगली-साताऱ्यात राहून अभिनयात यायचंय? मग सुरुवात इथूनच करा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. तासगाव, विटा, कऱ्हाड, फलटण, कुठूनही. "ताई, मला ॲक्टिंगमध्ये यायचंय. मुंबईत रूम कितीला मिळंल?" मी विचारते, आत्तापर्यंत कशात काम केलंस? उत्तर येतं, गॅदरिंगमधली एक नाटिका आणि बरेचसे रील्स. रूमचं भाडं मी सांगत नाही. आधी इथं काय काय करता येतं ते सांगते, आणि तेच आज सविस्तर लिहिते आहे. गेली बावीस वर्षं मी सांगलीत राहून हौशी नाटक, आकाशवाणी, मालिका, कार्यक्रमांचं निवेदन, शाळांची स्नेहसंमेलनं बसवणं अशी मिळतील ती कामं करत आले. घर यावरच चालतं. जे लिहिते आहे ते करून पाहिलेलं आहे.

आपल्या गावचीच एक गोष्ट आधी सांगते. सांगलीत राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला. ५ नोव्हेंबर आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो तो त्यामुळंच. त्या दिवशीची भाषणं इथंच संपतात, पण मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय संपला, आणि भावे आपली मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे मुंबईत पाऊल ठेवलं तेव्हा त्यांच्याजवळ बसलेले खेळ होते, तयार माणसं होती, प्रेक्षकांसमोर काढलेली वर्षं होती. आजच्या मुलामुलींनीही हाच क्रम ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आधी इथं हात बसू द्या, मग गाडीत बसा.

पहिली पायरी: एखाद्या नाट्यसंस्थेत शिरा

सांगली, मिरज, इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, वाई, बहुतेक मोठ्या गावांत हौशी नाट्यसंस्था आहेत. त्यांचा पत्ता इंटरनेटवर शोधत बसू नका. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह, साताऱ्यात शाहू कला मंदिर. कुठल्याही हौशी प्रयोगाला जा, प्रयोग संपल्यावर विंगेत जाऊन दिग्दर्शकाला भेटा आणि सांगा, "मला काम करायचंय, बॅकस्टेज असलं तरी चालेल." हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. संस्थेला नट नेहमीच मिळतात. सेट उचलायला, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू लावायला, तालमीला वेळेवर येऊन प्रॉम्प्टिंग करायला, म्हणजे विसरलेलं वाक्य हळूच सांगायला, माणूस मिळत नाही. प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला महिनाभरात सगळ्यांचे संवाद पाठ झालेले असतात. कुणी आजारी पडलं की पहिली नजर त्याच्याकडं जाते. माझं पहिलं काम मला असंच मिळालं, प्रयोगाच्या नऊ दिवस आधी.

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा हा आपल्याकडच्या वर्षाचा कणा आहे. १९५४ पासून ती चालू आहे. सांगली केंद्रावर प्राथमिक फेरी होते, पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं, आणि अभिनयासाठी रौप्यपदकं, गुणवत्ता प्रमाणपत्रं मिळतात. फेऱ्या साधारण हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होतात. म्हणजे पावसाळ्यात वाचनं चालू झालेली असतात, तुम्ही तेव्हा तिथं असायला हवं. दिवाळीनंतर जाऊन "एखादा रोल आहे का" विचारलंत तर एक वर्ष गेलं म्हणून समजा.

कॉलेजात असाल तर शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव सोडू नका. एकांकिका, पथनाट्य, मूकनाट्य, प्रहसन, नकला, सगळं त्यात असतं आणि सांगली, सातारा, कोल्हापूर अशा तिन्ही जिल्ह्यांतली मुलं तुम्हाला पाहतात. पुढं दहा वर्षांनी जी माणसं मला कामासाठी फोन करत होती, त्यातली निम्मी मला युवा महोत्सवाच्या काळात भेटलेली होती. सुटलेला मेकअप, उधार घेतलेला फेटा आणि एका डब्यात चौघांनी खाल्लेली भाकरी, एवढ्यावर ओळखी पक्क्या होतात.

स्वतःच नाटक बसवायचं असेल तर दोन कागद विसरू नका. एक, लेखकाची लेखी परवानगी, आणि ठरलेलं मानधन त्यांच्यापर्यंत पोचवणं. दुसरा, संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. स्पर्धेच्या प्रवेशिकेच्या वेळी हे दोन कागद नसले की चांगल्या बसलेल्या नाटकावर पाणी पडतं. मी ते होताना पाहिलंय.

आवाज आणि भाषा

इथं मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्या मुलामुलींची कामं इथंच अडतात.

पहिल्या नाटकाच्या रंगीत तालमीला आमचे दिग्दर्शक भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेत जाऊन बसले. हातात रुमाल. म्हणाले, "शब्द पडला की रुमाल वर करीन." माझा प्रवेश तीन मिनिटांचा होता. रुमाल अकरा वेळा वर गेला. मला वाटत होतं मी चांगली ओरडून बोलतेय. नंतर त्यांनी जवळ बोलावून विचारलं, "'मी त्याला सांगितलं नाही' असं वाक्य आहे. मला शेवटच्या रांगेत काय ऐकू आलं माहितीये? 'मी त्याला सांगितलं.' तुझा 'नाही' विंगेतसुद्धा पोचला नाही. नाटकाचा अर्थच उलटा झाला."

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. आणि आपला श्वास संपतो तोही शेवटी. म्हणून मराठी नटाला वाक्याचं शेपूट सांभाळावं लागतं. त्यासाठी एक सोपा सराव आहे. वर्तमानपत्रातली एक लांब बातमी घ्या, प्रत्येक वाक्य एका श्वासात वाचा, आणि शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच ठसठशीत येतोय का ते बघा. येत नसेल तर श्वास कुठं घ्यायचा त्या जागी पेन्सिलीनं खूण करा. रोज वीस मिनिटं. मोबाइलवर रेकॉर्ड करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून ऐका. दोन महिन्यांत फरक कळतो.

दुसरी गोष्ट न आणि ण. "पानी", "कोन", "लोनी" हे आपल्याकडं घरोघर चालतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण वकिलाची, डॉक्टरची, पुण्याच्या बाईची भूमिका आली की तो ण लागतो. ण म्हणताना जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागतं, न म्हणताना दातांच्या मागं. "राणीनं अंगणात पाणी आणून ठेवलं" हे वाक्य सावकाश पन्नास वेळा म्हणा. एकदा जीभ वळायला शिकली की पुन्हा विचार करावा लागत नाही.

आणि आता याच्या बरोबर उलट सांगते. घरची बोली टाकून देऊ नका. बरीच मुलं मुंबईत सहा महिने राहून येतात आणि आईशीसुद्धा छापील मराठीत बोलायला लागतात. मालिकांना आणि चित्रपटांना आज आपल्या भागातली भाषा बोलणारे नट हवे असतात, आणि खरी बोली शिकवून येत नाही. पण "आपली बोली" म्हणजे तरी कुठली? जतच्या माणसाच्या मराठीत कानडीचा हेल असतो. शिराळ्याच्या डोंगरातला माणूस वेगळा बोलतो, माण-खटावचा वेगळा. मालिकेत या सगळ्यांची एकच "गावरान" भाषा करून टाकतात, प्रत्येक वाक्याला "नव्हं का" जोडून. तुम्ही तसं करू नका. आजीला बोलतं करा. तिच्या माहेरच्या गोष्टी तासभर रेकॉर्ड करा आणि ती कुठं थांबते, कुठला शब्द लांबवते, राग आला की आवाज चढतो की उतरतो, हे ऐका. माझ्याकडं आजीची अशी सहा रेकॉर्डिंग आहेत. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हातारीची भूमिका आली की मी अजूनही आधी तिचा आवाज लावते.

तमाशा बघा, भारूड बघा, यात्रेतलं लोकनाट्य बघा. पठ्ठे बापूराव आपल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंची जोडी कवलापूरची. समोरच्या हजार माणसांचं लक्ष माईकशिवाय, पडद्याशिवाय धरून ठेवण्याची जी विद्या या मातीत आहे, ती कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांच्या भागात, सोंगाड्या हशा कसा झेलतो, हशा उतरायला लागला की नेमकं पुढचं वाक्य कसं टाकतो, हे वही घेऊन बघण्यासारखं आहे.

रीतसर शिक्षण घ्यायचं असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा नाट्य विभाग, पुण्याची एफटीआयआय ही चित्रपटशिक्षणाची संस्था, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, हे मार्ग आहेत. प्रवेशाच्या वेळी आधीचं काम बघतात, त्यामुळं पहिली पायरी तिथंही उपयोगी पडते. "तीन महिन्यांत हिरो" करणाऱ्या क्लासला लाखभर भरण्याआधी त्या पैशांत दोन वर्षं किती नाटकं बघता येतील याचा हिशेब एकदा मांडा.

फोटो आणि घरून पाठवायचा व्हिडिओ

फोटोला फार खर्च नको. चार पुरेत: चेहरा समोरून, कमरेपर्यंत, पूर्ण उभा, आणि एका बाजूनं. सकाळच्या उजेडात, साध्या कपड्यात, फिल्टर न लावता. फोटोतला माणूस आणि दारात उभा राहिलेला माणूस वेगळा दिसला की कास्टिंगवाल्यांचा विश्वास तिथंच उडतो. लग्नाच्या अल्बमसारखे, हात हनुवटीखाली घेतलेले फोटो पाठवू नका. दर सहा महिन्यांनी, किंवा केस-दाढी बदलली की लगेच, नवे काढा.

ओळखीच्या व्हिडिओत नाव, वय, उंची, राहण्याचं गाव, येणाऱ्या भाषा, आधीचं काम आणि डावी-उजवी बाजू. एक मिनिटाच्या आत. गाव सांगताना काही मुलं "पुणे" सांगतात. सांगली असेल तर सांगलीच सांगा. शूटिंग साताऱ्यात असलं तर तोच तुमचा फायदा आहे, प्रॉडक्शनला राहण्याचा खर्च पडत नाही.

ऑडिशनचा उतारा बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर येतो आणि "आज रात्रीपर्यंत पाठवा" असं लिहिलेलं असतं. म्हणून घरातला एक कोपरा कायमचा तयार ठेवा. माझा कोपरा असा आहे: स्वयंपाकघराच्या बाहेरची फिकट रंगाची भिंत, समोर पूर्वेची खिडकी, उजेड तोंडावर पडेल असा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला, पुस्तकांच्या थप्पीवर, आडवा. फॅन बंद, टीव्ही बंद, आणि जाऊबाईंना सांगून कुकर अर्धा तास पुढं ढकललेला. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला मुलीला बसवते, मोबाइलच्या अगदी शेजारी, म्हणजे माझी नजर कॅमेऱ्याच्या जवळ राहते आणि डोळे दिसतात. तिला सांगितलेलं आहे की अभिनय करायचा नाही, नुसतं हळू आवाजात वाचायचं. कारण तिचं तोंड माइकच्या जवळ असतं, तिनं मोठ्यानं वाचलं तर तिचाच आवाज येतो.

उतारा हातात धरून वाचू नका. पाठ करा. एक शब्द चुकला तर चालतो, नजर खाली गेली तर चालत नाही. पाच-सहा टेक घ्या, त्यातला एकच पाठवा, जास्तीत जास्त दोन. फाइलला स्वतःचं नाव द्या. आणि पाठवल्यावर "बघितलं का सर?" असा मेसेज करू नका. निवड झाली तर ते फोन करतात. झाली नाही तर बहुतेक वेळा काहीच कळवत नाहीत. त्याची सवय करून घ्यावी लागते, आणि ती व्हायला मला बरीच वर्षं लागली.

फोन आला, आता काय?

खरं काम देणारा माणूस तुमच्याकडून पैसे मागत नाही. ऑडिशन फी, रजिस्ट्रेशन, "आर्टिस्ट कार्ड", पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून, रोल पक्का करायला डिपॉझिट, यातलं काहीही ऐकू आलं की फोन ठेवा. संघटनेचं सभासदत्व खरोखर हवं असेल तर थेट संघटनेच्या कार्यालयात जाऊन घ्या: अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ कोल्हापुरात आहे, कलाकारांची सिंटा मुंबईत. मधल्या माणसाच्या हातात पैसे देऊ नका. कोऑर्डिनेटरमार्फत, म्हणजे कलाकार पुरवणाऱ्या माणसामार्फत, काम आलं तर तो कमिशन घेतो, ते रीतीला धरून आहे. पण ते तुमच्या मिळालेल्या मानधनातून, काम झाल्यावर. किती टक्के, हे आधी विचारून घ्या.

मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, एक नियम मी आमच्या घरात लावून दिलाय. ऑडिशन ऑफिसमध्ये, स्टुडिओत किंवा सेटवर दिवसा. हॉटेलच्या खोलीत नाही, कुणाच्या फ्लॅटवर नाही, "डिनरवर बोलू" नाही. घरातल्या एकाला लाइव्ह लोकेशन चालू. मालिका आणि निर्मितीसंस्थेचं नाव आधी विचारायचं, आणि त्या मालिकेत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. आपला भाग लहान आहे, दोन फोनमध्ये खरं-खोटं कळतं. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. सेटवर पहिल्याच दिवशी "समितीत कोण आहे?" असं शांतपणे विचारता येतं. मी विचारते. विचारल्यानं माझं काम गेलं असं एकदाही झालेलं नाही.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या आईवडिलांनी एवढं लक्षात ठेवावं: मुलाचं काम दिवसात पाच तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्याच नावानं बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. हे नियमातच आहे. उपकार म्हणून मागू नका.

सेटवर

वाई, मेणवली, साताऱ्याच्या आसपासचे वाडे, इथं गेली कित्येक वर्षं चित्रीकरणं चालतात आणि अलीकडं मालिकांचे सेटही या पट्ट्यात लागायला लागलेत. आपल्या मुलांना पहिली संधी बहुतेक वेळा इथंच मिळते: गर्दीतला माणूस, दोन वाक्यांचा हवालदार, एका दिवसाची शेजारीण. ती कमी समजू नका. पण वर्षभर फक्त गर्दीत उभं राहून शिकणं होत नाही. पाच-सात दिवस सेट कसा चालतो ते बघून झालं की बोलायचं काम मागा.

कॉलटाइम सातचा असेल तर पावणेसातला पोचा. मालिकेची शिफ्ट साधारण १२ तासांची असते आणि त्यातले आठ तास तुम्ही बसून असता. बसणं हेही काम आहे. सीनचा कागद, पाणी, चार्जर, साधं खाणं, बायकांनी जास्तीच्या पिना आणि एक साधी ओढणी. फोनवर रील बघत बसलात की बोलावणं येतं तेव्हा डोळे थकलेले असतात, आणि कॅमेरा ते लगेच पकडतो. सीन कोणता, त्याच्या आधी गोष्टीत काय घडलंय, हे सहायक दिग्दर्शकाला विचारा. मालिकेत सीन उलटसुलट क्रमानं होतात. नवऱ्याशी भांडण दुपारी चित्रित होतं आणि त्या भांडणाचं कारण संध्याकाळी.

कंटिन्युइटीचा, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्या शॉटशी जुळवण्याचा, धडा मला एका वाड्यातल्या सीननं दिला. पाहुण्यांना चहा द्यायचा, स्वतः एक घोट घ्यायचा आणि "लग्नाचं काय ठरलं?" असं विचारायचं, एवढंच काम. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, मी घोट आधी घेतला आणि मग वाक्य बोलले. तासाभरानं माझा क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचा शॉट, लागला तेव्हा आधी वाक्य बोलले, मग घोट घेतला. अभिनय दुसऱ्या वेळी जास्त चांगला झाला होता, दिग्दर्शकांनी मानही हलवली. पण एपिसोडमध्ये तो क्लोज नव्हता. दोन शॉट जुळतच नव्हते, संकलकानं माझ्या तोंडावरचा शॉट काढून समोरच्या पाहुण्यांवर ठेवला. तेव्हापासून पर्समध्ये छोटी वही असते. मास्टर झाला की लगेच लिहिते: कप उजव्या हातात, घोट "लग्नाचं"च्या आधी, पदर डाव्या खांद्यावर, बांगडी मनगटाच्या वर. कंटिन्युइटी बघणारं माणूस असतंच, पण हात आपले आहेत.

नाटकातून येणाऱ्यांना एक अडचण येते. शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज आणि हातवारे क्लोजमध्ये फार मोठे दिसतात. कॅमेरा किती जवळ आहे, कुठून कुठपर्यंत दिसतंय, हे कॅमेरामनला विचारायला लाजू नका. कमरेपर्यंत दिसत असेल तर हात वापरा, नुसता चेहरा असेल तर विचार पुरतो.

स्पॉटदादा, मेकअपदादा, कॉश्च्युमच्या ताई, लाइटवाले, सगळ्यांची नावं पहिल्या दिवशी माहीत करून घ्या. पुढच्या मालिकेवर हीच माणसं असतात, आणि "ती सांगलीची ताई वेळेवर येते, कटकट नाही" हे वाक्य त्यांच्याच तोंडून दिग्दर्शकापर्यंत जातं.

पैसा

माझ्या सुरुवातीच्या एका मालिकेचे अकरा दिवसांचे पैसे मला कधीच मिळाले नाहीत. सगळं फोनवर ठरलेलं होतं, कागद नव्हता. वर्षभर फोन केले, एकदा मुंबईला जाऊन आले, मग नंबर बंद लागायला लागला. त्या वेळी घरात दवाखान्याचा खर्च चालू होता आणि मी त्या पैशांवर विसंबून होते. ते दिवस अजून आठवतात. म्हणून हे पोटतिडकीनं लिहिते आहे.

लहान कामाला करार करत नाहीत, तरी लेखी काहीतरी हवंच. फोन झाला की मी लगेच मेसेज टाकते: "नमस्कार दादा, आत्ता ठरल्याप्रमाणे अमुक मालिकेत तमुक भूमिका, दिवसाचं मानधन इतकं, शिफ्ट १२ तास, प्रवास आणि जेवण प्रॉडक्शनकडून, पैसे ९० दिवसांत. बरोबर आहे ना, एवढं कळवा." समोरून "हो ताई" आलं की ते जपून ठेवते. करार आला तर सही करण्याआधी पूर्ण वाचा: महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे, दुसरीकडं काम करायची मुभा आहे का, दिवस आयत्या वेळी रद्द झाला तर काय, डबिंगचे वेगळे मिळणार का. समजलं नाही तर गावातल्या वकिलाला दाखवा.

मालिकांचे पैसे साधारण ९० दिवसांनी यायची पद्धत आहे. समजा दिवसाला २,५०० ठरले आणि जूनमध्ये सहा दिवस काम झालं. १५,००० होतात. १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, कापला की १३,५००, आणि तेही सप्टेंबरच्या अखेरीला. मधले तीन महिने घर कशावर चालवायचं, हा खरा प्रश्न असतो. निदान चार महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकल्याशिवाय बांधलेली नोकरी सोडू नका. पॅन कार्ड दिलं नाहीत तर टीडीएस २० टक्के कापतात. आणि कापलेले पैसे बुडाले असं समजू नका. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतात. किती तरी कलाकार हे करत नाहीत. सीएकडं वर्षातून एक फेरी मारा. प्रवासाची तिकिटं, मेकअपचं सामान, फोटो, सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेवा.

आणि कामाचं वर्ष आखा. गणेशोत्सवात मंडळांचे कार्यक्रम आणि निवेदन, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, फेब्रुवारीत शिवजयंती, मग यात्रांचा हंगाम, उन्हाळ्यात मुलांची नाट्यशिबिरं. शासकीय योजनांच्या प्रचारासाठी कलापथकांना पथनाट्यं मिळतात, त्याची चौकशी जिल्हा माहिती कार्यालयात करा. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र आहे, नाट्यस्वरांच्या, म्हणजे रेडिओ-नाटकासाठीच्या आवाजाच्या, चाचणीबद्दल तिथं जाऊन विचारा. रेडिओनं मला जे शिकवलं ते दुसऱ्या कशानंच नाही: हात नाहीत, चेहरा नाही, फक्त वाक्य. ही कामं "साइड" नाहीत. प्रत्येकात तुम्ही माणसांसमोर उभे असता आणि घरात पैसे येतात.

मुंबई कधी?

माझ्याकडं येणाऱ्यांना मी तीन गोष्टी विचारते. पाच-सहा नाटकांत किंवा एकांकिकांत बोलायचं काम झालंय का? कॅमेऱ्यासमोर केलेल्या कामाच्या दोन-तीन मिनिटांच्या क्लिप्स हातात आहेत का? आणि सहा महिने तिथं राहता येईल एवढे पैसे, उसने न घेतलेले, आहेत का? तिन्हीला "हो" असेल तर जा, आणि निर्धास्त जा.

पहिल्यांदा राहायला जाऊ नका, फेऱ्या मारा. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा घेत सकाळी मुंबईत सोडते. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, रात्रीची रिक्षा आधी ठरवून ठेवा. दिवसभरात दोन ऑडिशन, एक नाटक, आणि परतीची गाडी. महिन्यातून दोनदा असं वर्षभर केलं की कुठल्या भागात काम असतं, कुणाची ओळख खरी, तुम्हाला तिथली धावपळ झेपते का, सगळं कळतं. आमच्या संस्थेतला एक मुलगा असा चौदा महिने ये-जा करत होता. पंधराव्या महिन्यात त्याला व्यावसायिक नाटकात काम मिळालं, नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर. मग त्यानं खोली घेतली, तिघांत मिळून.

तोवर या हिवाळ्यात सांगली केंद्राची प्राथमिक फेरी लागली की भावे नाट्यमंदिरात या. तिकीट नाममात्र असतं. ओळीनं आठ-दहा नाटकं बघा, एखादं वाईट निघालं तरी उठून जाऊ नका, नट कुठं कमी पडतोय ते वहीत लिहा. मी बहुतेक शेवटच्या रांगेत असते. मध्यंतरात येऊन बोला.